इन्सुलिन अंगात सोडणं सोपंय हो, थांबवणं अवघड

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी तोच फॉरवर्ड फिरून येतो, की आता इन्सुलिनचं इंजेक्शन विसरा, दंडाला एक पट्टी चिकटवा, साखर वाढली की पट्टी आपोआप इन्सुलिन सोडणार आणि कमी झाली की आपोआप बंद. खाली हात जोडलेल्या आठ-दहा इमोजी, आणि मग काकूचा मला वेगळा मेसेज, "अरे तू ते प्लास्टिकचं शिकलायस ना, बघ ना हे खरंय का, तुझ्या आईसाठी मागवूया." प्लास्टिकचं म्हणजे पॉलिमर. एमएस्सी केलं होतं, आता रंगाच्या कंपनीत आहे, पण घरात कुठल्याही जेल, गोंद, पट्टीबद्दल प्रश्न आला की तो माझ्याकडेच येतो. आणि पंचाईत अशी की हा फॉरवर्ड पूर्ण खोटा नाहीये. पट्टी खरी आहे, डायबेटिस असलेल्या डुकरांवर लावून बघितलीय, चाललीय. फक्त मेडिकलच्या दुकानात मिळत नाही आणि का मिळत नाही हे काकूला फोनवर सांगायला गेलो तर पाऊण तास गेला, तरी शेवटी "म्हणजे मागवायची ना?" म्हणून लिहूनच काढतो.

आधी एक छोटा हिशोब करू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त. उपाशीपोटी साखर १०० आली म्हणजे काय, तर दर डेसिलिटरला, म्हणजे १०० मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. पाच लिटरला किती झाली? पाच ग्रॅम. चहाचा एक चमचा! अख्ख्या माणसाच्या रक्तात एका वेळी फक्त एक चमचा साखर फिरत असते आणि आपण तर नुसत्या सकाळच्या चहात दोन टाकतो. आता ही एक चमचा अडीच चमचे झाली तर रिपोर्टवर २५० आणि घरात काळजी. पण अर्धा चमचा झाली की तो रिपोर्टचा विषय राहत नाही, माणूस तिथल्या तिथे कोसळू शकतो, कारण मेंदू जवळजवळ सगळा याच साखरेवर चालतो. ७० च्या खाली गेली की लो म्हणायचं, ५४ च्या खाली गेली की सिरियस.

आमच्याकडे हे एकदा झालंय. आईला दोन वेळचं तीस-सत्तर प्रीमिक्स (झटपट आणि सावकाश चालणाऱ्या इन्सुलिनचं तयार मिश्रण) आहे, त्या दिवशी तिने रात्रीचं १६ युनिट नेहमीसारखं घेतलं आणि तेवढ्यात पाहुणे आले, मग त्यांना वाढण्यात, गप्पांत, आग्रहात ती स्वतः अर्धी पोळी खाऊन उठली. रात्री अडीचला बाबांनी मला उठवलं, "आई काहीतरीच बडबडतेय." जाऊन बघतो तर गाऊन घामाने चिंब, हात गार, आणि मला म्हणते "शाळेचा डबा भरला का?" मी तेव्हा एकतीस वर्षांचा. मीटरवर ४८. साखरेचं पाणी करून घोट घोट पाजलं (शुद्ध होती म्हणून पाजलं, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नसतं, ते श्वासनलिकेत जातं), पंधरा मिनिटांनी परत बोट टोचलं, ७९, आणि मग ती एकदम नॉर्मल आवाजात म्हणाली "एवढी लाईट का लावलीय सगळी?"

त्या रात्री नक्की काय चुकलं? इन्सुलिनने त्याचं काम अगदी चोख केलं. १६ युनिट म्हणजे वजनात अर्ध्या मिलिग्रॅमच्या जरासं वर, साखरेच्या एका दाण्याएवढं, आणि तेवढं औषध रात्रभर पेशींना सांगत राहिलं की रक्तातली साखर आत घ्या, आत घ्या. जेवण आलंच नाही हे त्याला कोण सांगणार? एकदा टोचलं की सुईतून परत ओढून घेता येत नाही. मूळ दुखणं हे आहे, पुढचं सगळं त्यासाठी.

धडधाकट माणसाचं स्वादुपिंड हे कसं सांभाळतं बघा. त्यात साधारण दहा लाख छोटी बेटं असतात, त्यांत बीटा पेशी, आणि या पेशीत साखर शिरली की ती जाळून ऊर्जा तयार होते, त्या ऊर्जेने पोटॅशियमचं एक दार बंद होतं, विजेचा दाब बदलतो, मग कॅल्शियमचं दार उघडतं आणि कॅल्शियम आत आलं की आधीच भरून ठेवलेल्या इन्सुलिनच्या पुड्या फुटतात. दोन-चार मिनिटांत. साखर उतरली की हीच साखळी उलटी, दुकान बंद. शिवाय बाहेर पडलेलं इन्सुलिन आधी थेट लिव्हरला जातं, तिथेच जवळपास अर्धं संपतं, उरलेल्याचं रक्तातलं आयुष्य पाच-सहा मिनिटांचं. म्हणजे सोडणं पण झटपट आणि पुसून टाकणं पण झटपट. वर शेजारच्याच अल्फा पेशी साखर फारच उतरली तर ग्लुकागॉन सोडून ती परत वर आणतात. आपण मात्र पोटाच्या चरबीत सुई टोचतो, तिथून ते झिरपत झिरपत रक्तात येणार आणि आलं की तासन्‌तास राहणार.

इन्सुलिन सापडून शंभर वर्षं होऊन गेली. टोरांटोत १९२१ मध्ये शोध, ११ जानेवारी १९२२ ला लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या पोराला पहिलं इंजेक्शन. ते अशुद्ध निघालं, मग जेम्स कॉलिपने जास्त शुद्ध करून दिलेलं २३ तारखेला टोचलं आणि पोराची साखर उतरली. त्यानंतरची बरीच वर्षं डोकं एकाच गोष्टीत गेलं, ते जास्त वेळ टिकवायचं कसं. डेन्मार्कच्या हागेडोर्नने १९३६ मध्ये ट्राउट माशाच्या वीर्यातलं प्रोटामिन नावाचं प्रोटीन त्यात मिसळलं, दोघं एकमेकांना चिकटून बसतात आणि इन्सुलिन हळूहळू सुटतं. ते दुधासारखं गढूळ इन्सुलिन, जे हातावर हलके फिरवून मग भरायचं, ते त्याच घराण्यातलं. मग २००० मध्ये ग्लार्जिन आलं आणि ही युक्ती मला स्वतःला फार आवडते: कुपीत ते आंबट द्रावणात असतं, पीएच ४, तिथे विरघळलेलं, एकदम स्वच्छ. कातडीखाली गेलं की तिथला पीएच ७.४, तिथे ते विरघळू शकत नाही, बारीक कण होऊन बसतं आणि मग दिवसभर थोडं थोडं सुटत राहतं. लिंबू पिळल्यावर दूध फाटतं ना, तसंच पण उलट दिशेने, आंबटपणा गेला की फाटणारं. म्हणजे बघा, आजूबाजूची परिस्थिती बदलली की स्वतः बदलणारं औषध आपल्याकडे वीस-पंचवीस वर्षं फ्रिजमध्ये आहेच. फक्त ते पीएच ओळखतं, साखर नाही. आई जेवली काय न जेवली काय, त्याला फरक पडत नाही.

मग साखर ओळखणारं काहीतरी पाहिजे. इथे आमचा विषय सुरू होतो, जेल.

जेल म्हणजे फार काही नाही, पॉलिमरच्या लांब लांब साखळ्या एकमेकींना मध्ये मध्ये बांधल्या की जाळं तयार होतं आणि ते जाळं पाणी धरून ठेवतं. फालुद्यातला सब्जा आठवा. कोरडं बी खसखशीएवढं, पाण्यात टाकलं की भोवती जेलीचा गोळा. किंवा बाळाच्या डायपरमधली पावडर, किंवा सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स. या जाळ्याच्या भोकांत इन्सुलिन कोंडून ठेवता येतं, जाळं आवळलं की आत अडकलं, फुगलं की भोकं मोठी होऊन बाहेर. प्रश्न एवढाच की सब्जा कुठल्याही पाण्यात फुगतो, आम्हाला असा सब्जा पाहिजे जो साध्या पाण्यात गप्प बसेल आणि सरबतात फुगेल. आणि सरबत संपलं की परत आवळला जाईल, हे जास्त महत्त्वाचं.

पहिला मोठा प्रयत्न १९७९ चा, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीतल्या ब्राउनली आणि सेरामी यांचा. त्यांनी वापरलं कॉनकॅनाव्हॅलिन ए नावाचं प्रोटीन, जे जॅक बीन नावाच्या शेंगेतून निघतं, ती आपल्या अबईच्या शेंगेची सख्खी चुलत बहीण. हे प्रोटीन साखर पकडतं. यांनी काय केलं, इन्सुलिनला एक साखरेची शेपटी लावली आणि ती शेपटी या प्रोटीनच्या हातात दिली. आजूबाजूला ग्लुकोज, म्हणजे रक्तातली हीच साखर, वाढलं की ते येऊन धक्काबुक्की करणार, प्रोटीन ग्लुकोजला पकडणार आणि इन्सुलिनचा हात सुटणार. एसटीत रुमाल टाकून धरलेली सीट, गर्दी वाढली की जाते, तसं. आयडिया इतकी सुंदर की त्यावर पुढे कितीतरी वर्षं लोक काम करत राहिले. पण हे प्रोटीन शरीरात सुटलं तर पांढऱ्या पेशींना भडकवतं, त्या धडाधड वाढायला लागतात. शिजवलेल्या अबईच्या भाजीने काही होत नाही, पण तेच शुद्ध प्रोटीन कातडीखाली वर्षानुवर्षं ठेवायला कोण तयार होईल.

दुसरा रस्ता ग्लुकोज ऑक्सिडेजचा. हे एन्झाइम तुमच्या घरात बहुतेक आहे, ग्लुकोमीटरच्या बऱ्याच पट्ट्यांवर तेच असतं. ते ग्लुकोज घेतं, ऑक्सिजन घेतं आणि ग्लुकॉनिक ॲसिड तयार करतं, सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड. ॲसिड झालं म्हणजे पीएच उतरला, आणि पीएचवर फुगणारे जेल तर आम्हाला डाव्या हाताचा मळ. साखर जास्त, ॲसिड जास्त, जेल फुगलं, इन्सुलिन बाहेर. १९८० च्या दशकात यावर भरपूर काम झालं. प्रयोगशाळेत बीकरमध्ये मस्त चालतं. अंगात घातलं की भांडण सुरू, कारण कातडीखाली ऑक्सिजन कमी, त्यामुळे एन्झाइम उपाशी. हायड्रोजन पेरॉक्साइड म्हणजे तेच जे जखमेवर टाकलं की फसफसतं, ते आत साचलं तर पेशींना आणि त्या एन्झाइमलाही मारक. आणि रक्त काही बीकरमधलं पाणी नाही, त्यात स्वतःची पीएच सांभाळायची सोय आहे, तुम्ही थोडं ॲसिड केलं की ते लगेच पुसून टाकतं.

यावर एक चलाख पोट्टा निघाला, झेन गू. त्याच्या ग्रुपने २०१५ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात असताना असं म्हटलं की एन्झाइम ऑक्सिजन खातं हा दोष आहे ना, मग त्यालाच सिग्नल करू. साखर वाढली की एन्झाइम भराभर ऑक्सिजन खाणार, तिथल्या तिथे ऑक्सिजन कमी पडणार, आणि ऑक्सिजन कमी झाला की जिचा स्वभाव बदलतो अशा पॉलिमरची पिशवी बनवू, ती विरघळेल आणि इन्सुलिन सांडेल. पीएचची वाट बघत बसायचं कामच नाही. या पिशव्या भरल्या बारीक सुयांच्या पट्टीत, सुई मिलिमीटरपेक्षा कमी, उंदरांवर चाललं. मला आठवतं हा पेपर वाचून मी कँटीनमध्ये एकाला अर्धा तास पकडून ठेवलं होतं, त्याचा चहा गार.

तिसरा रस्ता बोरॉनचा, आणि सध्या गाडी जास्त याच रुळावर आहे. कॅरमबोर्डावर आपण जी पांढरी पावडर टाकतो ती बोरिक पावडर. बीएस्सीला ज्यांनी प्रॅक्टिकल केलंय त्यांना आठवेल, बोरिक ॲसिड इतकं मिळमिळीत की त्याचं टायट्रेशन नीट होतच नाही, मग त्यात मॅनिटॉल टाकायचं, आणि मग ते एकदम अंगात आल्यासारखं वागायला लागतं. का, तर मॅनिटॉलच्या शेजारी-शेजारी असलेल्या दोन ओएच हातांना (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांना) बोरॉन मिठी मारतो. ग्लुकोजलाही असे हात आहेत. बोरिक ॲसिडचा एक भाऊबंद आहे, फेनिलबोरॉनिक ॲसिड, तो पॉलिमरच्या साखळीवर लटकवता येतो. ग्लुकोज आलं, बोरॉनने पकडलं, तिथे निगेटिव्ह चार्ज आला, चार्ज आला की जाळं पाणी ओढतं, फुगतं. यात एन्झाइम नाही, म्हणजे सडायला काही नाही, गरमीत मरायला काही नाही, निव्वळ केमिस्ट्री. जपानमध्ये काताओका वगैरे मंडळी १९९० च्या आसपासपासून याच्या मागे आहेत.

जपानच्याच मात्सुमोतोंच्या ग्रुपचं २०१७ चं जेल मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण त्यांनी बंद होण्याकडे नीट लक्ष दिलं. त्यांच्या जेलमध्ये साखर कमी झाली की आधी फक्त वरचा थर पाणी सोडून आक्रसतो आणि पातळ कातडी धरते. गरम दूध गार करत ठेवलं की वर साय धरते ना, अगदी तशी. त्या सायीतून इन्सुलिन बाहेर येऊ शकत नाही. साखर वाढली की साय विरघळते, रस्ता मोकळा. अख्खं जेल फुगायची-आवळायची वाट बघायची नाही, नुसती साय धरली तरी दार लागलं. उंदरांमध्ये त्यांनी ते चालवून दाखवलं.

बोरॉनची पण खोड आहेच. एकतर तो नीट काम करतो जास्त अल्कली पीएचला, रक्ताच्या ७.४ ला जरा आळशी, त्यासाठी फ्लोरिन वगैरे जोडून त्याला वळण लावावं लागतं. आणि दुसरं, हा माणूस एकनिष्ठ नाही. ग्लुकोजपेक्षा त्याला फ्रुक्टोज जास्त आवडतं. रक्तात फ्रुक्टोज अगदी थोडं असतं म्हणून निभतं, पण दोन ओएच शेजारी-शेजारी दिसले की हा हात पुढे करणार, एवढं धरून चालायचं.

आता काकूची पट्टी. २०२० मध्ये झेन गूच्याच ग्रुपने, तोवर तो लॉस एंजेलिसला गेला होता, नाण्याएवढी पट्टी दाखवली. या वेळी एन्झाइम सोडून बोरॉन. पॉलिमरवर काही ठिकाणी बोरॉन आणि काही ठिकाणी पॉझिटिव्ह चार्जचे हात, इन्सुलिनचा स्वतःचा चार्ज निगेटिव्ह, म्हणून ते या हातांना चिकटून बसतं. ग्लुकोज बोरॉनला येऊन बसलं की निगेटिव्ह चार्ज वाढतो, पॉझिटिव्ह हातांची पकड सैल होते, वर जाळंही फुगतं, इन्सुलिन सुटतं. २५ किलोच्या वरच्या डायबेटिक मिनी-डुकरांना ही लावली तर एका पट्टीने २० तासांपेक्षा जास्त वेळ साखर काबूत राहिली. डुक्कर का, तर त्याची कातडी आपल्यासारखी असते, उंदराच्या कातडीवर चाललेली सुई माणसाच्या कातडीत कशी वागेल याचा भरवसा नसतो. हा रिझल्ट खरंच भारी आहे, मी यात कुठेही नाक मुरडत नाहीये.

मग अडलं कुठे?

अडलंय आकड्यांत, आणि हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. कुठलाही एक रेणू दुसऱ्या एकाला पकडतो तेव्हा तो स्विचसारखा टक्कन चालू-बंद होत नाही, पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखा हळूहळू चढतो. साधा एकास-एक पकडण्याचा हिशोब मांडला तर दहा टक्के जागा भरलेल्या असण्यापासून नव्वद टक्के भरायला साखर ८१ पट वाढावी लागते. ८१ पट! आपल्या रक्तात साखर ६० वरून २४० झाली तरी ती फक्त चौपट. आणि चौपटीत काय होतं, तर साधारण ३३ टक्के जागा भरलेल्या होत्या त्या ६७ झाल्या. म्हणजे साखर चौपट वाढली आणि इन्सुलिन कसंबसं दुप्पट सुटलं. उलट बाजूने बघा, साखर ६० ला आली, आता खरं तर नळ पूर्ण बंद पाहिजे, तर तो अर्धाच बंद झालाय आणि टपटप चालूच. रात्री अडीचला त्या टपटपीचा काय अर्थ होतो ते मी बघितलंय. बीटा पेशी ही अडचण कशी सोडवते, तर ती एका पकडीवर अवलंबूनच नाही, वर सांगितली ती पोटॅशियम-कॅल्शियमची साखळी प्रत्येक पायरीला सिग्नल आणखी धारदार करते. आपल्या जेलमध्ये पायऱ्या एक नाहीतर दोन. म्हणून ती साय धरण्याची आयडिया मला महत्त्वाची वाटते, तिथे थोडा बदल होऊन दार एकदम लागतं.

त्यावर वेळेचं भांडण. पट्टीची सुई रक्तात नसते, कातडीतल्या पेशींमधल्या पाण्यात असते, तिथे साखर रक्तापेक्षा काही मिनिटं उशिरा पोचते. मग जेल फुगायला वेळ, मग इन्सुलिन झिरपून रक्तात यायला वेळ. तोवर तुमचा वडापाव पचून गेलेला, साखर चढून उतरायला लागलेली आणि आता इन्सुलिन ऐन भरात. आणि जेल कितीही पटकन बंद झालं तरी आधीच बाहेर पडलेलं इन्सुलिन जेलला परत बोलावता येत नाही, हे तर कोणालाच येत नाही. सेन्सर आणि पंप जोडून मशीनने डोस ठरवायच्या सिस्टिम निघाल्यात, अमेरिकेत २०१६ मध्ये पहिली मंजूर झाली, त्या चांगल्या चालतात, पण त्यांचंही हेच, पंप थांबवता येतो, कातडीखाली गेलेलं थांबवता येत नाही. (आणि त्यांचा खर्च बघितला तर साखर सोडून बीपी वाढतं, असो.)

म्हणून काही लोकांनी विचारच उलटा केला. जेल, पट्टी, पिशवी सगळं सोडा, इन्सुलिनच असं बनवा की जे अंगात आधीच फिरत असेल आणि साखर नसेल तेव्हा स्वतःच गप्प बसेल. यात पहिला मोठा डाव मर्क कंपनीने टाकला, २०१० मध्ये स्मार्टसेल्स नावाची कंपनी विकत घेऊन. इन्सुलिनला साखरेची सजावट केलेली, साखर कमी असली की शरीरातलाच एक रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचा पकडणारा हात, त्या सजावटीला पकडून इन्सुलिनची विल्हेवाट लावणार, साखर जास्त असली की तो रिसेप्टर ग्लुकोजनेच बिझी, म्हणून इन्सुलिन शिल्लक राहणार. माणसांपर्यंत गेलं हे! टाइप वन डायबेटिसच्या, म्हणजे ज्यांचं शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही अशा लोकांवर पहिल्या टप्प्याची चाचणी झाली. परिणाम दिसला पण इतका बारीक की पुढे नेण्यात अर्थ नव्हता, थांबवलं.

मग ऑक्टोबर २०२४ मध्ये नोव्हो नॉर्डिस्क या औषध कंपनीवाल्यांनी त्यांच्या एनएनसी२२१५ नावाच्या इन्सुलिनचा पेपर छापला, आणि त्याची रचना बघून मी खरंच खुर्चीतून उठलो. त्यांनी इन्सुलिनच्या एका जागी ग्लुकोज पकडणारी एक पोकळ कडी लावली, ब्रिस्टलच्या रसायनशास्त्रज्ञांच्या कामातून आलेली, आणि दुसऱ्या जागी एक साखरेचा तुकडा. साखर कमी असली की कडी स्वतःच्याच साखरेच्या तुकड्याला पकडून बसते, इन्सुलिन मिटलेलं, त्याला पेशीच्या रिसेप्टरला नीट बिलगता येत नाही. भुकेलं बाळ स्वतःचाच अंगठा तोंडात घालून पडलेलं असतं तसं. दूध आलं की अंगठा सुटतो, तसंच बाहेर ग्लुकोज वाढलं की कडी ते पकडते, स्वतःचा तुकडा सोडते आणि इन्सुलिन उलगडून कामाला लागतं. यात दार बंद करण्याचा प्रश्नच निराळा होतो, कारण बाहेर पडलेलं इन्सुलिनसुद्धा परत मिटू शकतं. माझ्या मते इथेच खरी गंमत आहे. उंदीर आणि डुकरांत केलेल्या प्रयोगांत साखर कमी झाल्यावर त्याने लो होण्यापासून बऱ्यापैकी वाचवलं. पण आकडा बघा, ग्लुकोज ५४ पासून ३६० पर्यंत नेलं तेव्हा त्याची रिसेप्टरशी पकड वाढली ३.२ पट. परत तोच जुना हिशोब, रेग्युलेटरच, स्विच नाही. तरीही ३.२ पट म्हणजे काहीच नाही असं कोणी म्हणू नये, रात्री ४८ च्या ऐवजी ६८ ला येऊन थांबलं असतं तर आई त्या रात्री नुसती भूक लागली म्हणून उठली असती.

बाकी अडचणी भरपूर आहेत, मी पटकन सांगतो. दिवसाला ४० युनिट लागणाऱ्या माणसाचं इन्सुलिन दीडेक मिलिग्रॅम होतं, ते बारीक सुयांत मावायला हवं आणि दोन दिवसांचं पाहिजे तर दुप्पट, आणि पट्टी चुकून फाटली, फुटली आणि सगळं एकदम सुटलं तर? एका अर्थी पट्टीत माणूस मारण्याएवढा साठा घेऊन फिरायचंय, त्यामुळे परवानगी देणारे दहादा विचारणार, विचारावंच. जेल कातडीखाली ठेवायचं तर शरीर त्याला परकं समजून भोवती चिवट आवरण बांधतं, मग साखर आत जात नाही नि इन्सुलिन बाहेर येत नाही. आणि इन्सुलिन स्वतः नाजूक जीव, २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, गरमीत, हलवाहलवीत त्याचे धागे जमतात आणि ते कामातून जातं. विदर्भात मे महिन्यात, लाइट गेलेली, तिथे लोक कुपी माठाच्या गारव्यात ठेवतात, ती युक्ती चांगलीच आहे. पण पट्टी तर अंगावरच, माठात कशी ठेवणार?

२०२३ मध्ये आयसीएमआरचा मोठा सर्व्हे छापून आला त्यात देशात १० कोटींच्या वर डायबेटिसवाले निघाले, गोव्यात तर मोठ्यांमध्ये २६.४ टक्के, म्हणजे चारातला एक. एवढ्या लोकांना परवडेल असं काही यायचं तर ते आधी यायला तर पाहिजे. तोवर आपल्याकडे खऱ्या अडचणी फार साध्या आहेत आणि त्या सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: कुपी बहुतेक वेळा ४० ची असते, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट, तिची सिरिंज लाल टोपीची. पेनमधलं १०० चं, आणि १०० ची सिरिंज नारिंगी टोपीची. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने भरलं तर डोस निम्म्याहून कमी, आणि उलटं केलं तर अडीच पट. आमच्या घरात एकदा नारिंगी टोपीचं पाकीट येऊन पडलं होतं, बाबांनी घाईत आणलेलं, नशीब आईनेच टोपीचा रंग बघून परत पाठवलं. जगातलं सगळ्यात स्मार्ट जेल येईल तेव्हा येईल, तोवर टोपीचा रंग बघा.

आईच्या उशाशी आता एका जुन्या काजळाच्या डबीत ग्लुकोजची पावडर असते. पेढा नाही, पेढ्यात तूप-खवा, ते साखर रक्तात जायला उशीर करतं. आणि आमच्या घरचा नियम एकच, ताट समोर आल्यावर सुई, आधी नाही, मग दारात कोणी पाहुणे येवोत.

हे सगळं काकूला लिहून पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, बराच वेळ टायपिंग, टायपिंग, आणि मग उत्तर: "म्हणजे डुकरांना मिळते आणि आपल्याला नाही??"